संध्याकाळी पाय सुजतात, गोळी घेतली की उतरतात

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५३. नाशिकमध्ये पोळी-भाजी केंद्र चालवते. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत ओट्यापाशी उभी असते. गेल्या दोन-अडीच महिन्यांपासून संध्याकाळी दोन्ही घोट्यांवर सूज येते. चपलेचा पट्टा रुततो, बोटाने दाबलं की खड्डा पडतो. सकाळी उठल्यावर सूज बरीच कमी असते. मला बीपी आहे, अ‍ॅम्लोडिपिन घेते. दिवाळीनंतर डॉक्टरांनी ५ ची गोळी १० ची केली. गुडघे दुखले की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणते, आठवड्यातून तीन-चार तरी होतात. सुजेसाठी त्याच मेडिकलवाल्याने लघवीची गोळी दिली. ती घेतली की दोन दिवस बरं वाटतं, सोडली की पुन्हा तेच. आता रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. शेजारच्या वहिनी म्हणतात, किडनीचं असेल, पाणी कमी पी. नणंद म्हणते, पुनर्नवा घे. जेवणात मी सैंधवच वापरते. धाप लागत नाही, पण थकवा आहे. माझी खरी भीती वेगळी आहे. माझ्या आईचे शेवटी असेच पाय सुजले होते, पोटात पाणी झालं होतं, आणि वर्षाच्या आत ती गेली. मला तसंच काही असेल का? आणि जाता जाता : मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली आहे, सातवा संपत आलाय. तिच्याही पायांवर सूज आहे, दोन दिवसांपासून बोटातली अंगठी निघत नाही. ती म्हणते, या दिवसांत असतंच. खरं का?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर :

ताई, ‘जाता जाता’ म्हणून तुम्ही जे लिहिलंत तेच आधी घेते. तुमच्या सुजेला आठवडाभर थांबता येईल, मुलीच्या सुजेला आजचा दिवसही थांबता येणार नाही. हे वाचून झालं की पहिल्यांदा तिचं बीपी मोजा. तुम्हाला बीपी आहे म्हणजे घरात मशीन असेल. नसेल तर जवळच्या दवाखान्यात जा. तिला पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसू द्या, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर, आणि मग मोजा.

ती म्हणते ते निम्मं खरं आहे. शेवटच्या तीन महिन्यांत बहुतेक जणींच्या घोट्यांवर थोडीफार सूज येतेच. गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो, अंगातलं रक्तही वाढलेलं असतं. पण ती सूज हळूहळू वाढते, बहुतेक पायांपुरती राहते आणि झोपून उठलं की कमी होते. दोन दिवसांत अंगठी निघेनाशी होणं, चेहरा भरल्यासारखा दिसणं, ही चाल वेगळी. विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, त्या आजाराला प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात. पहिलटकरणींना त्याचा धोका जास्त. बीपी १४०/९० किंवा त्याहून वर आलं तर त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे जायचं. १६०/११० च्या घरात गेलं तर मिनिटही न दवडता रुग्णालयात. वाहन नसेल तर १०८ ला फोन करायचा. आणि डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, उलट्या होत असतील किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर आकडा काहीही येवो, निघायचंच. बीपी अगदी छान आलं तरी उद्या लघवी तपासून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, २०१६ पासून ही सोय आहे, पण त्या तारखेसाठी थांबू नका. तुमची ती लघवीची गोळी तिला चुकूनही देऊ नका, आणि तिचं पाणीही तोडू नका.

आता तुमच्याकडे.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि तुम्ही त्यांची गाठ घातलेली नाही. दिवाळीनंतर गोळी ५ ची १० झाली. सूजही साधारण तेव्हापासूनचीच. सूज आली की लोक किडनीपासून सुरुवात करतात. मी गोळ्यांच्या डब्यापासून करते. मध्यमवयीन माणसाच्या दोन्ही पायांवर मऊ, संध्याकाळी वाढणारी सूज आली, तर दर वेळी डबाच गुन्हेगार निघतो असं नाही. पण तो तपासायला पैसे लागत नाहीत आणि रक्तही काढावं लागत नाही.

अ‍ॅम्लोडिपिन ही चांगली गोळी आहे, स्वस्त आहे, देशभरात लाखो लोक घेतात. तिचा सगळ्यांत ओळखीचा त्रास म्हणजे घोट्यांवरची सूज. मात्रा वाढली की सूज वाढते, आणि पुरुषांपेक्षा बायकांत ती जास्त दिसते. असं का होतं ते समजून घ्या. ही गोळी रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या सैल करते, परत नेणाऱ्या शिरांना मात्र तेवढी सैल करत नाही. नाशिकच्या आहात, द्राक्षबागेतलं ठिबक पाहिलं असेलच. वरचा कॉक मोठा सोडला आणि नळीचं दुसरं टोक होतं तसंच ठेवलं, तर मधल्या नळीत दाब वाढतो आणि ड्रिपरमधून जास्त पाणी गळतं. घोट्याजवळच्या केशवाहिन्यांत, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांत, तेच होतं. शरीरात पाणी फार झालेलं नसतं, ते भलत्या जागी उतरलेलं असतं. म्हणून लघवीची गोळी या सुजेवर नीट चालत नाही. अंगातलं एकंदर पाणी कमी झाल्याने दोन दिवस पाय हलके वाटतात, पण कॉक उघडाच असतो.

यावर उपाय आहे, आणि तो तुमच्या डॉक्टरांच्या हातात आहे. मात्रा परत ५ वर आणून जोडीला टेल्मिसार्टनसारखी गोळी देता येते. ती गोळी शिरांची बाजूही सैल करते, त्यामुळे बीपी आटोक्यात राहतं आणि सूजही उतरते. किंवा सिल्निडिपिन देता येते. अ‍ॅम्लोडिपिनच्याच कुळातली आहे, पण तिच्याने सूज कमी येते. यातलं काय द्यायचं हे त्यांनी तुमचं बीपी, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं काम करतं ते सांगणारं) आणि पोटॅशियम पाहून ठरवायचं. तुम्ही मात्र एक करायचं नाही : हे वाचून उद्या सकाळी गोळी बंद. सुजेने तुम्हाला चपलेचा त्रास होतोय. बीपी बेलगाम सुटलं तर त्रासाचं नाव पक्षाघात असतं.

दुसरा संशयित तुमच्या गुडघ्यांपाशी आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसेक्लोफेनॅक, या कुळातल्या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात. मीठ अडकलं की पाणी अडकतं. वर त्या बीपीही चढवतात. म्हणजे शक्यता अशी की दुखण्याच्या गोळीने बीपी चढलं, चढलेल्या बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन दुप्पट झाली, दुप्पट झालेल्या गोळीने पाय सुजले आणि सुजेसाठी तिसरी गोळी आली. हे खात्रीने घडलंय असं मी म्हणत नाही, पण अशा साखळ्या मी इतक्या पाहिल्या आहेत की विचारल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या डॉक्टरांना या गुडघ्यांच्या गोळ्यांची कल्पना आहे का? माझा अंदाज, नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी लोकांना ‘औषध’ वाटतच नाही. गुडघ्यांसाठी तूर्त साधी पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

आता ती लघवीची गोळी. नाव लिहिलेलं नाही, पण बहुधा फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड असावी. हृदय कमकुवत झालेल्या माणसाला हीच गोळी श्वास परत देते, म्हणून तिच्याशी माझं वैर नाही. पण कारण न कळता, मोजमाप न करता, मनाला येईल तेव्हा घ्यायची ही वस्तू नव्हे. ती लघवीतून पाण्याबरोबर मीठ, पोटॅशियम, मॅग्नेशियम काढते. तुमच्या पोटऱ्यांतले गोळे आणि थोडाफार थकवा तिच्यामुळे असू शकतो. काहींचं युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि पायाच्या अंगठ्याचा सांधा धरतो. ‘सोडली की पुन्हा तेच’ याचंही कारण आहे. गोळीने मीठ-पाणी गेलं की शरीर ते वाचवायच्या मागे लागतं. गोळी थांबली तरी ते वाचवणं काही दिवस चालूच राहतं, आणि सूज पहिल्यापेक्षा जोरात येते. बाई घाबरते, आणखी एक गोळी घेते. काही जणी वर्षानुवर्षं या चक्रात असतात. तेव्हा ती गोळी आता परस्पर घेऊ नका. थांबवल्यावर चार-सहा दिवस पाय जास्त सुजल्यासारखे वाटले तर हबकून जाऊ नका. पुढे टेल्मिसार्टन सुरू झाली, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी या तिघी एकाच पोटात गेल्या की मूत्रपिंडाला जोरदार फटका बसू शकतो. उन्हाळ्यात, जुलाब-उलट्या झालेल्या असताना तर फारच.

वहिनींनी सांगितलेलं ‘पाणी कमी पी’ हे मला कधीच कळलेलं नाही. ओट्यापाशी, भट्टीसारख्या उकाड्यात आठ तास उभं राहायचं आणि पाणी तोडायचं? पाणी मोजून प्यायची वेळ हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाच्या ठरावीक आजारांत येते आणि ते डॉक्टर सांगतात. पायांत पाणी साठवतं ते मुख्यतः मीठ. रक्त आणि पेशींबाहेरचं पाणी जवळजवळ ०.९ टक्के खारट असतं, म्हणजे लिटरला सुमारे ९ ग्रॅम मीठ. तेवढं मीठ शरीरात अडकलं तर लिटरभर पाणी त्याला धरून बसतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे सगळ्या पदार्थांतलं मिळून सपाट चमचाभरही नाही. तुमच्या धंद्यात चव बघणंच दिवसभर चालतं, आणि दुपारी तीनला उरलेल्या भाजीबरोबर पापड, लोणचं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. पापडात मीठ असतंच, शिवाय पापडखार; तोही सोडियमच. जेवणानंतर जळजळतं म्हणून पाण्यात टाकून फसफसवायचं चूर्ण घेत असाल तर त्यातही तेच. आणि सैंधव हेही मीठच आहे, ताई. त्यात इतर क्षार असतात ते चिमूटभर. सोडियमच्या हिशेबात ते साध्या मिठापेक्षा फारशी सवलत देत नाही. उलट बऱ्याच सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिळतं त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टन घेणाऱ्याने किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्याने ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि तुमचं काम. माणूस चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू शिरांतलं रक्त वर ढकलतात. एका जागी उभं राहिलं की हे ढकलणं थांबतं आणि सगळा दाब घोट्याशी जमतो. शिक्षक, न्हावी, दुकानातल्या मुली, वाहतूक पोलीस, आचारी या सगळ्यांचं हेच दुखणं. वय वाढलं, बाळंतपणं झाली, वजन वाढलं की शिरांतल्या झडपा सैल पडतात. पोटरीवर निळ्या, वळलेल्या शिरा दिसतात का? घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी पडलीय का, खाजते का? असेल तर शिरांचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्यायला हवा. नसेल तरी ओट्यापाशी एक लाकडी पाट ठेवा आणि आलटून पालटून एकेक पाय त्यावर घ्या. पीठ मळून घेताना, तवा तापेपर्यंत टाचा वर-खाली करा. पोळ्या लाटायला बसता येईल अशी उंच खुर्ची घेता आली तर फारच छान. दुपारी घरी गेल्यावर अर्धा तास पाय छातीपेक्षा वर राहतील असे उशांवर ठेवून आडव्या व्हा. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय टाकण्याने तेवढा उपयोग होत नाही. पोटरीपर्यंतचे घट्ट मोजे उपयोगी पडतात, पण माप घेऊन आणलेले, आणि सकाळी सूज चढायच्या आत घातलेले. मधुमेह असेल किंवा चालताना पोटरी दुखून थांबावं लागत असेल, तर आधी डॉक्टरांकडून पायाची नाडी तपासून घ्यायची, मग मोजे.

इतकं सगळं गोळ्या, मीठ आणि उभं राहण्याबद्दल लिहिलं, म्हणजे बाकीच्या शक्यता मी उडवून लावते आहे असं समजू नका. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर पडणं आणि परत आत ओढलं जाणं हा दाबांचा हिशेब आहे, हे अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडलं. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन ते आत धरतं. म्हणजे ढकलणारं वाढलं तरी सूज, धरणारं कमी झालं तरी सूज. हृदय, शिरा आणि तुमची अ‍ॅम्लोडिपिन ढकलणाऱ्या बाजूला. मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून जाणं, यकृतात ती तयारच न होणं, खाण्यातच नसणं हे धरणाऱ्या बाजूला.

वहिनींची शंका म्हणून किडनीचं पाहू. मूत्रपिंडातून प्रथिनं जात असतील तर लघवीला साबणासारखा फेस येतो, तो लवकर विरत नाही. सूज सकाळी उठताना डोळ्यांभोवती दिसते. तुमची सूज सकाळी उतरलेली असते, ही जमेची बाजू. पण बीपी असलेल्या प्रत्येक माणसाची लघवी तपासायलाच हवी, सूज असो नसो. तपासणी स्वस्त आहे. लंडनच्या गायज हॉस्पिटलातले रिचर्ड ब्राइट १८२७ च्या सुमारास चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती अंडं शिजल्यासारखी गढुळली की सुजेचं मूळ मूत्रपिंडात आहे हे त्यांना कळे. आज पट्टी बुडवून मिनिटभरात तेच समजतं, आणि तरी ती पट्टी न बुडवता लोक वर्षभर ‘किडनी साफ करणारे’ काढे पितात.

आईबद्दल. तुम्ही आजाराचं नाव लिहिलेलं नाही. बहुधा तुम्हालाही कुणी सांगितलं नसेल, त्या काळी सांगत नसत. पोटात पाणी आणि पाय सुजलेले, हे चित्र बऱ्याचदा यकृताच्या सिऱ्होसिसचं, म्हणजे यकृत निबर होत जाण्याचं, असतं. कधी हृदयाचं, कधी पोटातल्या गाठीचं किंवा क्षयाचंही. यकृताच्या आजारात सहसा पोट आधी फुगतं, पाय मागून. डोळे पिवळे होतात, जेवण जात नाही, दंड आणि खांदे वाळतात. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. घोट्याची सूज दिसली म्हणून आईचं दुखणं तुमच्या नावावर आलं असं होत नाही. तरीही एक तपासणी मी करायला सांगेन, आणि ती फक्त तुमच्या मनाच्या समाधानासाठी नाही. यकृत बिघडवणारा हेपटायटिस बी हा विषाणू बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो आणि वर्षानुवर्षं गप्प राहतो. म्हणून यकृताच्या चाचण्यांबरोबर एचबीएसएजी ही त्या विषाणूची रक्ततपासणी करून घ्या. मुलीची गरोदरपणात झालेलीच असेल. तिच्या फाइलमध्ये निकाल बघा. ती पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्यापासून १२ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देऊन वाचवता येतं.

हृदयाचं ऐकायला भीती वाटते, पण त्याचे प्रश्न सोपे आहेत. सपाट झोपलं की गुदमरतं का, उशा वाढवाव्या लागल्यात का? मध्यरात्री धाप लागून उठून खिडकीशी बसावं लागतं का? जिना चढताना पूर्वीपेक्षा लवकर थांबता का? दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं का? तुम्ही धाप नाही म्हणता, ठीक. पण थकवा आहे आणि बीपी जुनं आहे, तेव्हा ईसीजी काढून घ्यावा. वजनाचं मुद्दाम विचारते, कारण अंगभर पाणी साचतं तेव्हा बोटाने खड्डा पडेपर्यंत दोन-अडीच लिटर तरी आत मुरलेलं असतं. काटा ते आधी दाखवतो.

थकव्यासाठी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच चाचणीही पाहायची. थायरॉइड मंदावल्यावर येणारी सूज चेहऱ्यावर, पापण्यांवर जास्त असते आणि बोटाने दाबल्यावर सहसा खड्डा पडत नाही; तुमच्या पायांवर पडतो. म्हणून ही शक्यता मी मागे ठेवते, पण वगळत नाही. घोरणं आणि वाढलेलं वजन असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा विकारही पाय सुजवतो, हे डॉक्टरसुद्धा कधीकधी विसरतात.

हे सदर इतरही वाचतात, म्हणून एक इशारा ठळकपणे. आजवर आपण बोललो ते दोन्ही पायांच्या सुजेबद्दल. एकच पाय एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. शस्त्रक्रियेनंतर, प्लास्टरमध्ये, लांबच्या बस-विमान प्रवासानंतर, बाळंतपणाच्या आसपास आणि कर्करोगात हे जास्त होतं. अशा पायाला तेल लावून चोळायचं नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. त्याच दिवशी डॉपलर. तुमची मुलगीही सध्या या धोक्याच्या काळात आहे, तेव्हा तिच्या दोन्ही पायांची सूज सारखी आहे ना, एवढं बघून ठेवा. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात राहिलेल्या माणसाचा पाय वारंवार ताप येऊन सुजत असेल तर हत्तीरोगासाठी रात्रीच्या रक्ताची तपासणी करावी. त्याचे जंतू रात्रीच रक्तात फिरतात. आणि सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या घेणाऱ्यांनी सावध राहावं : दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या पुडीत अनेकदा स्टेरॉइड असतं. त्याने चेहरा गोल होतो, पाय सुजतात, साखर वाढते, आणि ते एकाएकी बंद केलं तरी माणूस कोसळू शकतो. पायांच्या जळजळीवरची प्रीगाबालिन आणि मधुमेहावरची पायोग्लिटाझोन यांनीही सूज येते. दोन्ही आपल्याकडे भरपूर लिहून दिल्या जातात.

नणंदेची पुनर्नवा. आपल्याकडे पावसाळ्यात घेटुळीची भाजी करतात ती हीच. भाजी म्हणून खा, माझी काही हरकत नाही. पण दोन वेळा काढा, वर चूर्ण, वर गोळ्या असं औषध म्हणून आत्ता सुरू करू नका. तुमच्या पोटात आधीच तीन तऱ्हेच्या गोळ्या आहेत. चौथी टाकली तर सूज कशाने उतरली आणि त्रास कशाने झाला, काही कळणार नाही. वैद्यांकडे जायचं असेल तर चालू गोळ्यांची यादी घेऊन जा.

तर येत्या आठवड्यात असं करा. घरातल्या सगळ्या गोळ्या, मेडिकलमधून आणलेल्या सुट्या पट्ट्यांसकट, एका पिशवीत भरा आणि ती पिशवी बीपीच्या डॉक्टरांपुढे ओता. सूज कधी सुरू झाली आणि मात्रा कधी वाढली हे स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. शक्य असेल तर दुपारी उशिरा किंवा संध्याकाळची वेळ घ्या. सकाळी गेलात तर त्यांना सूज दिसणारच नाही. लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, साखर, अल्ब्युमिनसह यकृताच्या चाचण्या, एचबीएसएजी, हिमोग्लोबिन, टीएसएच आणि ईसीजी, एवढं पुरे. पोटाची सोनोग्राफी, इको (हृदयाची सोनोग्राफी), सीटी हे सगळं एका दमात करायची गरज नाही. पहिल्या निकालांत काही निघालं तर पुढचं ठरेल. दरम्यान रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि शिंप्याच्या टेपने दोन्ही घोट्यांचा घेर, हाडाच्या जरा वर, एकाच जागी, सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. हिशेबाची वही तुम्हाला नवी नाही.

गोळी बदलली की सूज दुसऱ्या दिवशी जात नाही. अ‍ॅम्लोडिपिन अंगातून हळू निघते, त्यामुळे फरक दिसायला एक-दोन आठवडे लागतात. त्या काळात बीपी आठवड्यातून दोन-तीनदा मोजा. बदलून तीन आठवडे झाले, दुखण्याच्या गोळ्याही बंद आहेत, मीठ कमी आहे, आणि टेपचा आकडा तसाच असेल, तर मला पुन्हा लिहू नका. थेट डॉक्टरांकडे जाऊन हृदयाचा इको आणि पायांच्या शिरांचा डॉपलर करून घ्या.